रविवार कारंज्यावरचे सर्व्हरवाले काका: काम चोख, फोनचा भरवसा नाही

आधी पत्ता सांगते, कारण निम्मा त्रास त्यातच आहे. रविवार कारंज्याला चांदीच्या गणपतीपाशी उभं राहून "सर्व्हर दुरुस्त करणारे काका कुठे बसतात?" असं विचारलंत तर लोक तुमच्याकडेच बघत राहतील. "झेरॉक्सवाल्याच्या वरचे काका" विचारा. बोळात शिरलं की झेरॉक्सचं दुकान, त्याच्या बाजूने लाकडी जिना. चौथी पायरी हलते, दोर धरून चढा. वर पाटी नाही. दारावर खडूने एवढंच लिहिलंय: "दु. १ ते ४ बंद". हे नाशिकच आहे, उगाच पुण्याला नावं ठेवायला नकोत.

आणि बुधवारी जाऊ नका. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही. मी बुधवारीच गेले, कारण माझ्यापुढे दुसरा वार शिल्लक नव्हता.

आमचं भांडीबाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. आजेसासऱ्यांनी सुरू केलेलं. अण्णा, म्हणजे माझे सासरे, अजून गल्ल्यावर बसतात. मी बी.कॉम. झालेली, लग्नानंतर हिशेब बघायला लागले आणि २०१८ पासून वेबसाईटही माझ्याच गळ्यात पडली. घंगाळं, बंब, समया, अभिषेकपात्रं, ताम्हणं. साईट भाच्याने बांधून दिली. तो आता बाहेरदेशी आहे, त्याच्या रात्री आमचे दिवस असतात. सर्व्हर भाड्याचा. भाड्याचा म्हणजे कंपनी रिकामी खोली देते, चुली-भांडी आपण मांडायची. जुन्या खोलीत उबुंटू १८.०४ होतं (सर्व्हर चालवणारी मूळ प्रणाली, तिची २०१८ ची आवृत्ती), त्याचा नेहमीचा आधार २०२३ मध्येच संपला होता. भाचा दोन वर्षं मागे लागला होता, "मामी, बदल आता." शेवटी २०२५ मध्ये मनावर घेतलं. मुहूर्त कोणता निवडला, तर १२ ऑक्टोबरचा रविवार. धनत्रयोदशी १८ ला, शनिवारी. भांडीवाल्याने धनत्रयोदशीच्या आठवड्यात सर्व्हर बदलणं म्हणजे पंगत बसल्यावर आचारी बदलणं. पण जुन्या खोलीचं भाडं १५ तारखेला संपत होतं आणि पुन्हा वर्षाचं भरायला जीव होत नव्हता.

रात्री दोनपर्यंत व्हिडिओ कॉलवर भाचा सांगत गेला, मी करत गेले. नवी खोली उबुंटू २४.०४ ची. फायली आल्या, डेटाबेस आला, नवं नावही जोडलं. आधी डॉट इन होतं, आता डॉट कॉम घेतलं. भाचा म्हणाला, नाव पसरायला वेळ लागतो, सकाळी बघ. सकाळी बघितलं. पांढऱ्या पानावर काळं अक्षर: फॉरबिडन. खाली ४०३.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दुकानाच्या भाषेत सांगते. ४०४ म्हणजे "असा माल आमच्याकडे नाही." ४०१ म्हणजे "आधी तुम्ही कोण ते सांगा." ४०३ म्हणजे "माल आहे, पण तुम्हाला देणार नाही." का नाही, ते गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. ते आत वहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहिलेलं असतं. ती वही बघायची असते हे मला त्या सोमवारी ठाऊक नव्हतं.

सर्व्हरच्या कंपनीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: खोली आमची, आतली मांडणी तुमची. ते बरोबरच होतं, पण उपयोगाचं नव्हतं. कॉलेज रोडवरच्या एका चकाचक ऑफिसने वर्षाच्या कराराचे अठरा हजार अधिक जीएसटी सांगितले आणि माणूस पाडव्यानंतर येईल म्हणाले. मग दिरांच्या ओळखीचा एक मुलगा आला. त्याचं नाव लिहीत नाही, लग्न ठरतंय त्याचं. त्याने माझ्या लॅपटॉपवर एक ओळ लिहिली, चमोड (परवानग्या बदलायची आज्ञा), मग काहीतरी, मग ७७७. एंटर दाबलं. साईट उघडली. घरात टाळ्या. तीनशे रुपये आणि चहा घेऊन गेला. अण्णा म्हणाले, "हुशार आहे पोरगं."

मंगळवारी समयांचे नवे फोटो चढवायला बसले तर सर्व्हर मलाच आत घेईना. किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची फाईल) तीच, लॅपटॉप तोच, पण "परमिशन डिनाइड". शिवाय पहिलं पान उघडायचं, आतल्या कुठल्याही भांड्यावर टिचकी मारली की ४०४. म्हणजे दुकानाचं शटर वर, कपाटं सगळी बंद आणि मालकीण रस्त्यावर.

काकांचा पत्ता आमच्या हिशेबनिसांनी दिला. काका पूर्वी सातपूरला एका कारखान्यात ईडीपी खात्यात होते. हा शब्द ज्यांना कळतो त्यांना काकांचं वयही कळेल.

बुधवारी पावणेअकराला मी वर पोचले. खोलीत एक टेबल, दोन मॉनिटर, एक पाण्याचा माठ, भिंतीवर कालनिर्णय. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "लॉग बघितलात?"

"नाही."

"मग काय बघितलंत, वहिनी?"

मला राग आला. नंतर कळलं, ते सगळ्यांनाच असं विचारतात. शाळेच्या चारेघी वहीत त्यांनी वेळ लिहिली, १०.५०, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी "त्या मुलाने ७७७ केलं" म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या फोल्डरवर?" मला माहीत नव्हतं. "बरं. सापडेल."

इथून पुढचं काम मी जवळून बघितलं, आणि ही सगळी समीक्षा खरं तर त्या दोन तासांचीच आहे.

किल्ली चालत नव्हती म्हणून ते कंपनीच्या साईटवरून मिळणाऱ्या कन्सोलने आत गेले. ते मागचं दार. माझ्या खात्यातून रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य मालकाचा, पासवर्ड नव्याने लावावा लागला. आत गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्यांनी एकही गोष्ट बदलली नाही. नुसतं वाचलं. आमच्याकडे चांगला कल्हईवालाही आधी भांडं उलटं करून बूड बघतो, लगेच भट्टीवर धरत नाही, तसंच. आधी लॉगिनची वही काढली. त्यात माझ्या मंगळवारच्या प्रत्येक प्रयत्नापुढे एकच ओळ: ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड, बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर फाईल, आणि पुढे माझ्याच घराच्या (होम) फोल्डरातल्या किल्लीच्या फाईलचं नाव. काका हसले. "त्या मुलाने तुमचं अख्खं होम फोल्डर ७७७ केलंय, आतल्या किल्लीच्या फाईलसकट. ७७७ म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा, कोणीही या. एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायचं दार, ते म्हणतं, ज्या घरात कोणीही येऊन कुलूप बदलू शकतो त्या घराच्या किल्लीवर माझा विश्वास नाही. म्हणून मालकिणीलाच बाहेर ठेवलंय. त्याचं बरोबर आहे."

मग अपाचेची वही. अपाचे म्हणजे साईटची पानं गिऱ्हाइकाला काढून देणारा प्रोग्राम. लॉग रोजच्या रोज गुंडाळला जातो, जुने दाबून ठेवलेले असतात. त्यांनी सोमवारचा उलगडला आणि बोट ठेवलं. एएच०००३५. पुढे इंग्रजीत जे होतं त्याचा अर्थ असा: या फायलीपर्यंत जाणाऱ्या वाटेतल्या कुठल्यातरी एका टप्प्यावर पुढे जाण्याची परवानगी नाही.

"वाटेतल्या," काका म्हणाले. "फायलीवर नाही. वाटेत. हा शब्द वाचला असता तर ७७७ ची गरज पडली नसती."

मला नीट कळलं नाही. तेव्हा त्यांनी सर्व्हरवर "चाचणी" नावाचा एक नवा वापरकर्ता बनवला, त्याच्या घरात एक फाईल ठेवली आणि "नेमआय, डॅश एल" अशी आज्ञा त्या फायलीच्या पूर्ण पत्त्यावर चालवली. ही आज्ञा मी तोपर्यंत ऐकलीही नव्हती. ती वाटेतला एकेक टप्पा एकेका ओळीवर लिहून दाखवते, प्रत्येकापुढे त्याचा मालक आणि परवानग्या. वरून खाली: मूळ, होम, चाचणी, फाईल. पहिल्या दोन ओळींत शेवटच्या तीन जागी आर, आडवी रेघ, एक्स. तिसऱ्या ओळीत, चाचणीपुढे, शेवटी नुसत्या तीन आडव्या रेघा.

"हा वाडा बघा," काका म्हणाले, आणि खरंच वाडा होताच. "देवडी, चौक, ओसरी, माजघर. माजघरात ताम्हण ठेवलंय, त्याला चिठ्ठी लावलीय, कोणीही बघा. पण ओसरीला आतून कडी. चिठ्ठीचा काय उपयोग? फोल्डरवरचा एक्स म्हणजे चालवा असं नाही. फोल्डरवर त्याचा अर्थ आत पाऊल टाकू द्या. अपाचे उबुंटूवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाने काम करतो. तो तुमच्या घरचा नाही, परका. त्याला ओसरीतून जाऊ दिलं नाही तर माजघरातल्या परवानग्या कितीही चांगल्या असोत."

आणि जुन्या सर्व्हरवर हे का चाललं? कारण उबुंटूने २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचं घर ७५० करायला सुरुवात केली. त्याआधी ७५५ असायचं. वाचायचे ४, लिहायचे २, पाऊल टाकायचा १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. ५ चं ० झालं, एवढाच फरक. १८.०४ च्या काळात भाच्याने साईट होम फोल्डरमध्ये ठेवली, चालली, विसरला. नव्या घरात तसंच सामान लावलं आणि ओसरीची कडी लागली. कोणाची चूक म्हणायची? मी भाच्यालाच बोल लावला, तो दूर आहे म्हणून सोयीचं.

दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही. होम फोल्डर परत ७५०. किल्लीचं फोल्डर ७००, आतली फाईल ६००. तेवढ्याने माझा लॅपटॉप लगेच आत जायला लागला. त्या दोन दिवसांत कोणी काही टाकून गेलंय का म्हणून बदललेल्या फायलींची यादी काढून बघितली, काही नव्हतं. साईट घरातून उचलून एसआरव्ही नावाच्या फोल्डरखाली नेली, कारण दुकानाचा माल राहत्या घरात ठेवायचाच कशाला. फोल्डर ७५५, फायली ६४४, डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाईल त्याहून आवळून ६४०.

मग रीलोड केलं, म्हणजे अपाचेला नवी मांडणी वाचायला लावली, आणि पुन्हा ४०३.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता लॉग उघडला. या वेळी आकडा वेगळा: एएच०१६३०. क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन. "हे माझं चुकलं," ते लगेच म्हणाले. अपाचेच्या मूळ सेटिंगमध्ये संपूर्ण डिस्कला आधी "रिक्वायर ऑल डिनाइड" असतं, कोणालाच प्रवेश नाही. मग ठराविक फोल्डरांना "रिक्वायर ऑल ग्रँटेड" देतात. व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला, म्हणजे साईट ठेवायच्या नेहमीच्या फोल्डरला, ते तयारच मिळतं. एसआरव्हीच्या ओळी असतात, पण टिप्पणी करून झोपवलेल्या. काकांनी साईटचा पत्ता बदलला होता, पण परवानगीच्या चौकटीत जुनाच पत्ता राहिला होता. चेहरा तोच, ४०३. कारण मात्र सर्वस्वी निराळं. पहिल्या वेळी फाईलव्यवस्थेने अडवलं होतं, या वेळी खुद्द अपाचेने. इथे हजारदा ७७७ केलं असतं तरी फरक पडला नसता. बाहेरून दोन्ही पानं एकसारखी दिसतात, वहीतला आकडा वेगळा.

पत्ता दुरुस्त केला, आधी कॉन्फिगटेस्ट (मांडणीत चूक नाही ना ते तपासणारी आज्ञा), "सिंटॅक्स ओके" आलं, मग रीलोड. प्रत्येक वेळी हाच क्रम, एकदाही टाळला नाही. रीस्टार्ट का करत नाही विचारलं तर म्हणाले, "रीलोडमध्ये आत आलेलं गिऱ्हाईक त्याचं घेऊन जातं, नवं गिऱ्हाईक नव्या नियमाने येतं. दुकान बंद करावं लागत नाही." चारेघी वहीत त्या दहा मिनिटांपुढे त्यांनी फुली मारली. बिलात ती धरली नाहीत. मी न सांगता.

आतल्या पानांचं ४०४ पाच मिनिटांत सुटलं. साईटच्या फोल्डरमध्ये एचटीअ‍ॅक्सेस नावाची, सुरुवातीला टिंब असलेली फाईल असते, तिच्यात पत्ते फिरवायचे नियम. अपाचे २.४ ती फाईल आपण होऊन वाचत नाही. "अलाऊ ओव्हरराईड" देऊन वाचायला सांगावं लागतं. काकांनी ते "ऑल" केलं, पानं उघडली, मी घंगाळ उघडलं, बंब उघडला, फोटो छान. एक वाजत आला होता. दोन तास दहा मिनिटांतली दहा वजा, तासाला पाचशेने हजार रुपये. पावती हाताने लिहिलेली, मागच्या बाजूला काय-काय बदललं त्याच्या सात ओळी. ती पावती आता आमच्या गल्ल्यातल्या लक्ष्मीच्या फोटोमागे आहे, अण्णांनी ठेवलीय.

इथे थांबले असते तर पाच तारे दिले असते.

गुरुवारी सकाळी निफाडच्या एका बाईंचा फोन. "वहिनी, घंगाळाचा भाव दिसतोय, फोटोच्या जागी मोडकं चित्र येतंय." माझ्या लॅपटॉपवर व्यवस्थित. यजमानांच्या फोनवर मोडकं. त्याच फोनवर फोटोचा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडला की फोटो सुंदर दिसतो. पानावर आला की मोडकं. मला वाटलं फोनला दृष्ट लागली.

काकांना फोन केला. वाजतोय. दहाला, अकराला, साडेबाराला. एक ते चार तर प्रश्नच नाही. धनत्रयोदशीला दोन दिवस, अण्णांचा डबा दुकानात, गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागतंय आणि काका उचलत नाहीत. ही माझी मोठी तक्रार आहे आणि ती मी त्यांच्या तोंडावरही सांगितली आहे. मेसेज ते वाचत नाहीत. ईमेलला उत्तर देतात, रात्री साडेअकराला. आता कोणाला कळावं हे?

साडेचारला उचलला. मला वाटलं, ते स्वतः आत जाऊन बघतील. नाही. "वहिनी, तुम्हीच लॉग उघडा. एरर नको, कोणी काय मागितलं ते लिहिणारा, अ‍ॅक्सेसचा." मी चिडून का होईना उघडला. एरर लॉग त्या आधी मीच बघितला होता, आपण शिकलो म्हणून; त्यात फोटोंबद्दल एक अक्षर नव्हतं. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये घंगाळाच्या एकाच फोटोच्या दोन ओळी शोधायला सांगितल्या. एकीत २००, म्हणजे माल दिला, आणि "कुठून आला" या जागी नुसती आडवी रेघ. दुसरीत ४०३ आणि त्या जागी आमच्याच साईटचा पत्ता, डॉट कॉमवाला.

फोनवर दोन-तीन सेकंद शांतता. मग काका म्हणाले, "एचटीअ‍ॅक्सेस वाचून दाखवा. सगळी."

निघालं ते असं. काही वर्षांपूर्वी दुसरा एक दुकानदार आमचे फोटो आमच्याच सर्व्हरवरून स्वतःच्या साईटवर दाखवत होता. भाच्याने तेव्हा नियम घातला: फोटो मागणारा आमच्या डॉट इन वरून आला असेल किंवा कुठून आला ते सांगत नसेल तर द्या, बाकी सगळ्यांना नकार. आता आमचं स्वतःचं नाव डॉट कॉम. म्हणजे आमचं नवं दुकान आमच्या जुन्या नियमाला चोर वाटत होतं! पत्ता वेगळ्या टॅबमध्ये टाकून उघडला की ब्राउझर कुठून आलो ते सांगत नाही, म्हणून फोटो मिळायचा. रीराईटच्या (पत्ते फिरवायच्या) नियमाने दिलेला नकार अपाचे एरर लॉगमध्ये लिहीत नाही. लिहून हवा असेल तर लॉगलेव्हल वाढवून रीराईटचा माग मुद्दाम चालू करावा लागतो. म्हणून ती वही गप्प होती.

आणि बुधवारी हे का दिसलं नाही? कारण अलाऊ ओव्हरराईड "ऑल" होईपर्यंत ती फाईल झोपलेली होती. काकांनी तिला जागं केलं ते पत्त्यांच्या नियमांसाठी, तिच्यासोबत हाही उठला. आम्ही फोटो तपासले ते त्यांच्या ब्राउझरवर, आणि त्याने सकाळीच बघितलेले फोटो स्वतःजवळ जपून ठेवले होते. माझ्या लॅपटॉपचंही तेच. म्हणजे काकांनी ती फाईल आधी शेवटपर्यंत वाचायला हवी होती. मी तसं म्हटलं. "हो, वाचायला हवी होती," म्हणाले. एवढंच. सारवासारव नाही. आमच्या धंद्यात भोक पडलेल्या तपेल्यालासुद्धा लोक "डिझाईन आहे" म्हणून सांगतात, त्यामुळे मला ते जरा जडच गेलं ऐकायला.

नियमात डॉट कॉम घातलं. तपासायला त्यांनी मला कर्ल (ब्राउझरशिवाय पान मागवायची आज्ञा) शिकवलं: "कुठून आलो" हे आपल्या हाताने लिहून फोटो मागायचा. डॉट कॉम लिहून २०० आलं, भलतंच नाव लिहून ४०३. ब्राउझरला जुनं आठवतं, कर्लला काही आठवत नाही, म्हणून तपास त्याच्यावर. हे वाक्य मी पावतीच्या मागे आठवी ओळ म्हणून लिहून ठेवलंय.

त्याच फायलीत आणखी एक ओळ सापडली, "डिनाय फ्रॉम" आणि एक आयपी पत्ता. ही अपाचेची जुनी भाषा. २०१२ मध्ये २.४ आलं तेव्हा तिची जागा "रिक्वायर"ने घेतली. जुनी चालावी म्हणून एक वेगळं मॉड्यूल ठेवलंय, पण जुनी आणि नवी एकत्र घातली की निकाल भलताच लागू शकतो. काकांनी ती काढायला लावली. तो आयपी कोणाचा होता, भाच्यालाही आठवत नाही.

पावणेसहाला निफाडच्या बाईंना फोन केला. त्यांनी घंगाळ घेतलं, शिवाय दोन समया.

आता देवघेव. काम: पूर्ण गुण, अर्धा वजा त्या न वाचलेल्या फायलीसाठी. दर: तासाला पाचशे, नाशिकमध्ये एसी दुरुस्तीवालाही पायरी चढायचे याच्या आसपास घेतो. समजावून सांगणं: उत्तम, पण त्यांच्या लहरीने. ज्यांना "करून द्या आणि मोकळं करा" असं हवंय त्यांनी जाऊ नये, काका तुम्हाला शेजारी बसवतात आणि वाचायला लावतात. ज्यांची साईट रात्री अपरात्री बंद पडणं परवडत नाही, हॉस्पिटल, तिकिटं असलं काही, त्यांनी कॉलेज रोडचे अठरा हजार भरलेले बरे. तिथे निदान कोणीतरी फोन उचलेल. चहा नाही, माठाचं पाणी गार. जिन्याचं आधीच सांगितलं.

सगळे मिळून चार तारे.

गुरुवारच्या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मीच आग्रह केला तर माळ्यावरून एक पितळी पातेलं काढून झेरॉक्सवाल्याच्या मुलाबरोबर पाठवलं, आईचं, तीस वर्षांत कल्हई न लागलेलं. अण्णांनी स्वतः उभं राहून नवसागर मारून कल्हई करून घेतली, आत तोंड दिसतंय. आज पंधरा दिवस झाले, पातेलं दुकानात गल्ल्यामागे कागदात गुंडाळून ठेवलंय. कळवायला चारदा फोन केला. वाजतोय नुसता.